टिकल्या तिथेच राहिल्या

सुगंधाबाईंच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या काचेवर चार टिकल्या होत्या आणि त्यांना हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. लाल टिकलीमागे बाण नेऊन टिचकी मारली की मस्कतला लेकीच्या, मिनलच्या घरी घंटा वाजायची. हिरवीमागे मारली की मिनल दिसायची. चंद्रकोरीमागे आवाजाची सोय होती, आणि ठिपक्याएवढी बारीक काळी होती ती बंद करायची. बाण टिकलीमागे दडला की समजायचं, ठिकाण आलं. यात इंग्रजीचा संबंध कुठेच येत नव्हता. इंग्रजीशी सुगंधाबाईंचं वैर नव्हतं, पण ओळखही नव्हती. दुसरीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि मराठीसुद्धा त्या बसच्या पाट्या आणि वाण्याच्या दुकानातले भाव एवढ्यापुरतीच वाचत. तरी नवघर रोडवरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कोणी नवीन भेटलं की दुसऱ्या वाक्याला त्या सांगत, "कॉम्प्युटर घरात मीच चालवते. विचारा सुनेला."

सून म्हणजे स्वाती. ती स्वयंपाकघरातून "हो" म्हणायची. त्या "हो"मध्ये आणखी काही असलं तर ते ओट्यापाशीच राहायचं.

तर या चार टिकल्यांच्या भरवशावर सुगंधाबाईंनी एक मोठं कार्य अंगावर घेतलं. मिनलला सातवा महिना लागला होता. डॉक्टरने विमानात बसू नका म्हणून सांगितलेलं, आणि तिची सासू रोह्याला गुडघे धरून बसलेली. म्हणजे मस्कतला पोरीचं डोहाळजेवण करायला उरला कोण, तर जावई. जावई भला माणूस होता, पण भला माणूस ओटी भरू शकत नाही. फोनवर मिनल म्हणाली, "जाऊ दे ना आई, इथे कोण आहे माझं, करून कुणाला दाखवायचं." हे ती हसून म्हणाली आणि ते हसणं सुगंधाबाईंना चार दिवस बोचत राहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की डोहाळजेवण होणार, आणि भाईंदरला होणार. बायका इथे येतील, गाणी इथे म्हणतील, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या इथे धरल्या जातील. मिनलने तिकडे हिरवी साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि तिथून वाटी सांगायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. शुक्रवार ठरला, कारण तिकडे शुक्रवारी सुट्टी असते.

"म्हणजे टीव्हीला जेवू घालायचं म्हणा की," तिसऱ्या मजल्यावरची मंदा म्हणाली.

"टीव्हीला नाही, कॉम्प्युटरला," सुगंधाबाई म्हणाल्या. "टीव्ही तुझ्याकडे आहे."

एवढं बोलून झाल्यावर आता मागे फिरायची सोय नव्हती.

त्याच सुमारास ते समुद्राचं प्रकरण झालं. मिनलशी बोलायचं मेसेंजर हे खरं नीलेशच्या नावावर होतं. नीलेश म्हणजे मुलगा, अंधेरीला ऑफिसात. पण बसायच्या जास्त सुगंधाबाई, म्हणून फोटो त्यांनी स्वतःचा लावून घेतला होता, पैठणीतला, नथ घालून. एके दिवशी या मेसेंजरमध्ये व्हायरस शिरला आणि त्याने कुणालाही न विचारता नीलेशच्या यादीतल्या सगळ्या माणसांना इंग्रजीत निरोप धाडला, 'माझे समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो, फक्त तुमच्यासाठी.' शेजारी सुगंधाबाईंची नथ. निरोप ऑफिसातल्या सगळ्यांना गेला. नीलेशच्या वरच्या सुचेता मॅडमनाही गेला. चुलत दिरांना गेला, आणि त्यांनी फोन करून विचारलं की वहिनी, कुठल्या समुद्रावर गेला होतात.

सुगंधाबाई समुद्राकाठीच जन्मलेल्या, पण समुद्रावर फोटो काढायला त्या आयुष्यात गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

"आई, त्या मेसेंजरला भोक पडलंय," नीलेशने समजावलं. "तिथून कोणीही आत येतं. कंपनीने ठिगळ काढलंय त्यासाठी. अपडेट मारला की भोक बंद."

"मग मार ना. वाट कुणाची बघतोयस? मुहूर्ताची?"

हे त्यांनी स्वतः सांगितलं. पुढे या वाक्याची आठवण त्यांना कोणी करून दिलेली आवडत नसे.

नीलेशने अपडेट मारला तो नेमका शुक्रवारी सकाळी, आंघोळीला पाणी तापेपर्यंत. जाताना चपला घालत म्हणाला, "झालं बघ. आता मुंगी पण शिरणार नाही. आणि दिसायला पण एकदम नवीन आलंय." हे दुसरं वाक्य सुगंधाबाईंनी कानाआड केलं. घरात तेव्हा पाच प्रकारच्या भातांची तयारी चालली होती आणि नारळ सोलायचे राहिले होते.

दुपारी जेवणं आटोपल्यावर त्या सहज कॉम्प्युटरसमोर बसल्या. मिनलने कुठली हिरवी साडी काढलीय तेवढं बघायचं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला. मेसेंजर उघडला. सुगंधाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

टिकल्या जागेवर होत्या. बाकी काहीच जागेवर नव्हतं. जिथे निळी पट्टी होती तिथे राखाडी ढग आले होते. नावांची यादी डावीकडची उठून उजवीकडे जाऊन बसली होती. लाल टिकलीमागे भलतंच चित्र होतं, तीन बाहुल्या गळ्यात गळे घालून उभ्या. हिरवीमागे नुसती मोकळी जागा. चंद्रकोर कशावरच नव्हती, ती आपली ढगात लटकत होती, जशी काही खरीच.

सुगंधाबाईंना राग नंतर आला. आधी त्यांना खरोखर नवल वाटलं. भोक बुजवायचं होतं. बुजवलं. मग यादी कुणी उचलली? आणि का?

"अहो," त्यांनी आत हाक मारली. "जरा इकडे या."

आत्माराम, म्हणजे त्यांचे यजमान, आले. ते एका कागदाच्या कंपनीतून रिटायर झाले होते आणि घरातल्या सगळ्या यंत्रांवर त्यांचा एकच उपाय होता. "बंद करून परत चालू कर."

बंद करून परत चालू केलं. ढग होते तसेच आले.

"आई," स्वाती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोहरी कुठाय?"

"वरच्या फळीवर. जिथे असायला हवी तिथे."

"आधी खाली होती."

"आधी झुरळं पण होती," सुगंधाबाई म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

नीलेशने पाचव्या घंटेला फोन उचलला आणि कुजबुजत बोलला, म्हणजे सुचेता मॅडम आसपास होत्या. "आई, मीटिंग चाललीय. काही हललेलं नाही, फक्त ले-आऊट बदललाय. वर उजवीकडे बघ, तीन रेघा आहेत, त्यात जा, तिथे सेटिंग..."

"मी कुठेही जाणार नाही. तू जुनं परत आण."

"जुनं आणलं तर भोक पण परत येईल ना."

"भोक तू बुजवलंस. ते राहू दे. घर कुणी हलवलं?"

"ते दोन्ही एकत्रच येतं, आई," नीलेश म्हणाला, आणि मागून कोणीतरी त्याचं नाव घेतलं तसा फोन बंद झाला.

एकत्रच येतं. सुगंधाबाईंनी हे वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. गेल्या वर्षी बिल्डिंगमध्ये चोरी झाली तेव्हा सोसायटीने खालच्या दाराला नवीन कुलूप लावलं. कुलूपवाला आला, कुलूप लावलं, चहा प्याला, गेला. जाताना त्याने जिना मागच्या बाजूला नेला नाही. पाण्याच्या टाकीला गुलाबी रंग दिला नाही. तसं केलं असतं तर सेक्रेटरीने त्याला पोलिसात दिला असता. मग या कंपनीत असा कोण माणूस बसलाय की जो कुलूप लावायला येतो आणि जिना घेऊन जातो, आणि लोक त्याला 'नवीन आलंय' म्हणून कौतुकाने सांगतात?

त्यांना त्या माणसाची ओढच लागली म्हणायची. माणूस एकच असणार, याबद्दल त्यांची खात्री होती. दहा माणसं असती तर एकतरी म्हणाला असता, राहू दे रे, म्हाताऱ्या बायकांना सापडणार नाही.

दोन वाजता समोरच्या हंसाबेनचा मुलगा भावेश आला. त्याचं स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि जेवायला घरी आला तर हंसाबेनने त्याला तसाच ढकलला होता, हाताला श्रीखंडाचा वास घेऊन. त्याने माऊस धरला, खट खट खट केलं, आणि मान हलवली.

"मासी, जुना वाला मैं डाल सकता हूं. पण वायरस आएगा. परत तो समुद्रवाला मेसेज जाएगा."

सुगंधाबाईंनी हात आडवा हलवला. "वो नहीं चाहिए. मेरेकू खाली ठिगळ चाहिए. नवा रंग नहीं चाहिए."

"वो अलग नहीं मिलता, मासी. दोनों साथ में आता है."

"क्यूं?"

भावेशने दहा वर्षं कॉम्प्युटर विकले होते. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "कंपनी है मासी," तो शेवटी म्हणाला. "ऐसाच आता है."

"तू दुकानात की-बोर्ड बदलून दिलास तर टेबल पण बदलतोस का?"

"टेबल का पैसा कौन देगा?"

"तेच तर. मग हा फुकट कशाला बदलतोय? याचा काय फायदा?"

भावेश आता खरंच विचारात पडला. विचार करता करता त्याने मिनलचं नाव कुठे आहे ते शोधून दिलं, कॅमेरा सुरू होतो तेवढं पाहिलं, आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून निघाला. टिकल्या नवीन जागी लावून देऊ का म्हणून विचारायला तो थांबला होता, पण सुगंधाबाईंनी नको म्हटलं. टिकल्या आपण हलवायच्या? ज्याने चित्रं हलवली त्याने आधी ती परत आणावीत. आपण का म्हणून हलायचं?

इथे त्यांचा हट्ट थोडा जास्त झाला, हे त्यांनाही कळत होतं. पण कळून उपयोग काय.

मग त्यांना कॉम्प्युटरच्या खोक्यावरचा नंबर आठवला. मदत हवी असल्यास इथे फोन करा, असा. आत्मारामांनी नंबर वाचला, सुगंधाबाईंनी फिरवला. आधी गाणं लागलं. मग हिंदीसाठी दोन दाबा, मग अमक्यासाठी चार दाबा, मग परत गाणं. चौथ्या गाण्यानंतर एक मुलगी आली, गोड आवाजाची. तिने नाव विचारलं, गाव विचारलं, मशीनच्या पाठीवरचा नंबर विचारला. तो वाचायला आत्मारामांना टेबलाखाली घुसावं लागलं आणि बाहेर येताना त्यांचं डोकं आपटलं. मग मुलीने व्हर्जन विचारलं.

"बेटी, वो सब छोड़," सुगंधाबाई म्हणाल्या. "मेरेकू एकही बात बता. ताला और रंग साथ में कायको देते हो?"

"मॅडम, आपका फीडबॅक हम आगे भेज देंगे."

"आगे कौन बैठा है?"

फोनमध्ये मागे पुष्कळ मुली एकाच वेळी बोलत असल्यासारखा आवाज येत होता. "मालूम नहीं, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मेरी स्क्रीन भी हर दो महीने में बदल देते हैं. बटन ढूंढ़ते रहो. हमको भी कोई पूछता नहीं."

सुगंधाबाईंना एकदम तिची माया आली. "खाना खाया क्या तूने?" त्यांनी विचारलं. मुलगी हसली आणि लाइन कटली.

चार वाजता बायका आल्या. कॉम्प्युटरला गजरा घातला होता, खालच्या टेबलावर हिरवं खणाचं कापड अंथरलं होतं आणि त्यावर नारळ, तांदूळ, हळकुंडं मांडली होती. ओटी कुणाची भरायची हा प्रश्न होता. सुगंधाबाईंनी ठरवलं की ओटी कॉम्प्युटरपुढे भरायची, पोचते तिची तिला. स्वातीने दोन झाकलेल्या वाट्या ताटात आणून ठेवल्या. ती घामाघूम झाली होती आणि तिचा चेहरा नेहमीपेक्षा जरा जास्तच शांत होता.

"लाव की गं कॉम्प्युटर," मंदा पुढच्या खुर्चीत बसत म्हणाली. "आम्ही ऐकलंय फार."

सुगंधाबाई खुर्चीवर बसल्या. भावेशने दाखवलेलं मिनलचं नाव त्यांना दिसत होतं, तिथे बाण नेऊन टिचकी मारायची होती, एवढं त्यांच्या लक्षात होतं. पण मागे बिल्डिंगच्या डझनभर बायका श्वास रोखून उभ्या, आणि हाताला सवय महिनोन् महिन्यांची. हात आपोआप गेला तो लाल टिकलीकडे. तीन बाहुल्या. टिच.

त्या तीन बाहुल्यांचा अर्थ होता, सगळ्यांना बोलवा.

मस्कतला घंटा वाजली, हे खरं. पण ती अंधेरीलाही वाजली, चुलत दिरांकडेही वाजली, आणि नीलेशच्या यादीत जी जी माणसं त्या घडीला कॉम्प्युटरसमोर होती त्या सगळ्यांकडे वाजली. राखाडी ढगांमधून एक चौकोन उघडला. त्यात मिनल नव्हती. चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या एक बाई होत्या, मागे ऑफिसची कपाटं.

"येस?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी गजरा पाहिला, नारळ पाहिला, आणि बारा बायका पाहिल्या. "नीलेश? हे तुझं आहे का काही?"

चौकोनाच्या कडेने नीलेशचं अर्धं तोंड आत आलं आणि ते बघता बघता पांढरं पडलं. "मॅडम, ही माझी आई."

"नमस्कार," सुगंधाबाई म्हणाल्या, कारण दुसरं काय म्हणणार. "मुलीचं डोहाळजेवण आहे. बसा."

"त्या समुद्रावरच्या फोटोवाल्या का?" सुचेता मॅडम म्हणाल्या. "काकू, ते काही माझ्याकडे उघडले नाहीत हो."

मंदाने तोंडाला पदर लावला. सुगंधाबाईंचे कान तापले. त्या काळ्या टिकलीकडे निघाल्याच होत्या, म्हणजे सगळंच बंद करायला, आणि देव जाणे तिच्यामागे आता काय होतं. पण तेवढ्यात दुसरा चौकोन उघडला.

मिनल. हिरवी साडी, कुठून तरी मिळवलेल्या पांढऱ्या फुलांचा जावयाने ओवलेला गजरा, तोही वाकडा. ती कॅमेऱ्याच्या फार जवळ बसली होती. तिने आईला पाहिलं, हंसाबेनना पाहिलं, मंदाला पाहिलं, दादाला पाहिलं आणि ओळख नसलेल्या एका मॅडमनाही पाहिलं.

"अगं आई, इतकी माणसं?"

सुगंधाबाईंचा हात काळ्या टिकलीपासून मागे आला.

मग कार्य सुरू झालं आणि बरं चाललं, म्हणजे घरच्या कार्याला जेवढं बरं चालतं तेवढं. हंसाबेननी कुंकवाचं बोट मिनलच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, टेकवलं. मिनल हसून जरा खाली झाली तसं कुंकू तिच्या डोक्यावर गेलं, वर झाली तसं नाकावर आलं. काचेवर आता टिकल्या चार आणि कुंकवाची बोटं सहा. ओटी भरली. गाणी झाली. सुचेता मॅडमनी एकाला बोलावलं, त्याने दुसऱ्याला, आणि गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला अंधेरीचं अर्धं ऑफिस उभं होतं.

आणि मग वाट्या. सुगंधाबाईंनी झाकलेली एक वाटी एका हातात घेतली, एक दुसऱ्या हातात, आणि कॅमेऱ्यासमोर धरल्या. "सांग."

"उजवीकडची," मिनल म्हणाली.

सुगंधाबाईंनी उजवा हात पुढे केला.

"ती नाही, दुसरी."

त्यांनी डावा पुढे केला. पण चित्र तिकडे उशिरा पोचायचं, त्यामुळे मिनलची "हां, तीच" आली ती कुठल्या वाटीसाठी, हे कळायला मार्ग राहिला नाही. त्यात नव्या मेसेंजरने आणखी एक गंमत केली होती. कोपऱ्यात आपलंच चित्र दिसायचं, ते आता आरशासारखं उलटं दिसत होतं. बायका ते बघून बोलत होत्या.

"उजवी म्हणजे ही. चित्रात दिसतंय ना."

"अरे वो तो उलटा है. आयना है वो."

"तिची उजवी का आपली उजवी?"

"काकू, तुमच्या डाव्या हातातली," सुचेता मॅडमनी निकाल दिला. त्यांच्या ऑफिसात निकाल त्याच देत असणार.

"मॅडम, उजव्या," नीलेश म्हणाला. नोकरीला लागल्यापासून तो मॅडमना पहिल्यांदाच नाही म्हणाला होता, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

सुगंधाबाईंचे हात अवघडले होते. वरून हसत होत्या, पण आत कुठेतरी त्यांना रडू येऊ लागलं होतं. पोरीचा हात पोचत नाही म्हणून आपला हात तिचा करायचा होता, एवढंच तर होतं. तेवढंही या आरशाने होऊ दिलं नाही. त्यांनी डाव्या वाटीवरचं झाकण उघडलं.

बर्फी.

टाळ्या वाजल्या. "मुलगी," हंसाबेन म्हणाल्या, "लक्ष्मी."

"पण तिने ती वाटी सांगितलीच नव्हती," मंदा म्हणाली. "दुसरी उघडा. आमचं समाधान होऊ दे."

सुगंधाबाईंनी दुसरी उघडली.

बर्फी.

अंधेरीतली माणसं पडद्याजवळ वाकली. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे स्वाती हात पुसत उभी होती.

"पेढ्यांचा डबा मला सापडलाच नाही, आई," ती म्हणाली. तिचा आवाज एवढाही चढला नव्हता. "मंगळवारी झुरळांचं औषध मारलं तेव्हा तुम्ही सगळे डबे काढले आणि तुमच्या पद्धतीने लावले. मंगळवारपासून मी मोहरी शोधतेय. आज साखर शोधली, वेलची शोधली. बर्फी सापडली. पेढे नाही सापडले. मग मी दोन्हीत बर्फी घातली."

आत्मारामांनी एकाएकी पंख्याकडे पाहायला सुरुवात केली. मंदाच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. आणि सुगंधाबाई दोन हातांत दोन वाट्या घेऊन बसून राहिल्या.

"काय झालं?" काचेतून मिनल विचारत होती. "आवाज येत नाहीये. आई, काय निघालं?"

सुगंधाबाईंनी दोन्ही वाट्या कॅमेऱ्याजवळ नेल्या.

मिनल बघत राहिली. आणि मग ती हसली. फोनवरचं ते बोचणारं हसणं नव्हतं हे. ती लहानपणी भांडण जिंकली की हसायची तसं हसली. "म्हणजे मी कुठलीही सांगितली असती तरी मुलगीच?" ती म्हणाली. "आई, मला मुलगीच हवी होती गं. कुणाला बोलले नव्हते मी." मागून जावयाचा आवाज आला, "मला पण," आणि कॅमेरा हलला, कारण तो तिच्या शेजारी बसायला आला होता.

"हे काही रीतीत बसत नाही," मंदा म्हणाली.

सुगंधाबाईंना त्यांची जीभ सापडली. "नवीन पद्धत आहे, मंदा. नीलेशला विचार. आता दोन्ही साथमध्येच येतात."

पाहुण्या गेल्यावर खोलीत फुलांच्या पाकळ्या आणि रिकाम्या द्रोणांचा ढीग राहिला. पेढ्यांचा डबा सापडला, साबुदाण्याच्या जुन्या जागी. तिथे ठेवताना सुगंधाबाईंना तेच ठिकाण एकदम बरोबर वाटलं होतं. त्या ओट्याजवळ पाट घेऊन बसल्या आणि फळ्यांकडे बघत राहिल्या. डबे सगळे उंचीप्रमाणे लावलेले, एका रांगेत, कवायतीला उभे असल्यासारखे. छान दिसत होते. अजूनही दिसत होते.

"कळला मला तो माणूस," त्या म्हणाल्या.

"कोण, आई?" स्वाती भांडी विसळत होती.

"तो. हलवणारा." त्यांनी डब्यांच्या रांगेकडे बोट केलं. "मंगळवारी मी दिवसभर ओणवी होऊन फळ्या पुसल्या. औषध मारून घेतलं. कंबर धरली. आणि संध्याकाळी घरात कोणी आलं तर दाखवायचं काय? झुरळं नाहीत, हे कुणाला दिसतं? नसलेलं दिसत नाही. डबे हललेले दिसतात. तोही बिचारा महिनाभर भोकं बुजवत बसला असेल. कोणी विचारलं नसेल."

स्वातीने नळाची धार बारीक केली, ऐकायला.

"तरी यादी उचलायला नको होती त्याने," सुगंधाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी काचेवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, आणि नखाने एकेक टिकली अलगद सोडवली. लाल टिकली मिनलच्या नव्या जागेवर लावली, हिरवी कॅमेऱ्याच्या चित्रावर. काळी लावायला बंद करायचं चित्र शोधावं लागलं, ते तीन बाहुल्यांच्या शेजारीच सापडलं तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या. चंद्रकोरीचा डिंक गेला होता, ती त्यांनी बोटावर घेतली आणि तशाच स्वयंपाकघरात आल्या.

"डबे जुन्यासारखे लाव," त्या म्हणाल्या. "मोहरी खाली घे."

स्वातीने हात पुसले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि औषध, आई? दोन्ही साथमध्ये येतं ना?"

सुगंधाबाईंनी चंद्रकोर जिभेला लावून ओली केली आणि मोहरीच्या डब्यावर दाबून बसवली.

"औषध तेवढं राहू दे," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात सुट्टं मिळतं."